राबाच्या रानाचा रंग

माझी बायको बुधवारी सकाळी वारली. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती आणि चहा गॅसवर आटला होता. डॉक्टर आले. त्यांनी तिचं मनगट धरलं, डोळे तपासले आणि मान हलवली. टेबलावर नकाशा होता. त्यातली एक पट्टी रंगवायची राहिली होती.

नकाशा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा होता. पुण्याच्या एका संस्थेने ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या रानांसाठी आराखडा करायला घेतला होता. भातसा धरणाकडची जंगलं एकीकडे, मुरबाडच्या घाटाखालची दुसरीकडे. या दोहोंच्या मध्ये काय उरलं आहे, कोणता प्राणी कुठून कुठे जाऊ शकतो आणि कुठे अडतो, हे आधी कागदावर यायला हवं होतं. त्यावरून कोणती जागा राखायची ते ठरणार होतं. आमच्या दोन तालुक्यांचं काम तिच्याकडे आलं, कारण ती शहापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसायची नाही.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. नकाशातलं मला काही कळत नव्हतं. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून गावांची, ओढ्यांची नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पुढे रंग भरायचंही. आम्हाला मूल नव्हतं. संध्याकाळ मोकळी असायची. जुन्या खिडकीची काच दोन स्टुलांवर आडवी टाकून खाली ट्यूबलाइट ठेवली होती. तिच्यावर उपग्रहाचं चित्र, चित्रावर पारदर्शक कागद, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही दोघं वाकलेले. नव्वदच्या दशकातली आमची बरीच वर्षं अशी त्या काचेवर गेली. शेजारच्या वहिनी एकदा साखर मागायला आल्या आणि ते सगळं बघून दारातच थांबल्या. "जमिनीचं काही बघताय का?" त्यांनी हळूच विचारलं. "स्वस्तात असली तर आमच्यासाठीही बघा." तेव्हा नकाशा घेऊन फिरणारा माणूस म्हणजे प्लॉटवाला, असा सगळ्यांचाच समज होता. तो चुकीचाही नव्हता. आसनगावपासून मुरबाडपर्यंत रस्त्याच्या कडेला चुना मारलेले दगड दिसायला लागले होते.

उपग्रहाच्या त्या चित्रात हिरवी पानं तांबडी दिसतात. जितकं दाट रान तितका गडद तांबडा रंग. भातशेती कापून झाली की फिकी राखाडी, पाणी काळं. हे एकदा डोळ्यांत बसलं की सोपं वाटतं. पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही, आणि संस्थेने आम्हाला दिलेलं चित्र एप्रिलमधलं होतं. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक मोठा उतार त्यात अगदी फिका होता, मधे मधे काळे ठिपके. तांबडं जवळपास नाहीच. मी जमिनीच्या प्रकारांच्या सूचीत बघून त्यावर "पडीक" लिहिलं. तिनेही बघितलं आणि पुढे गेली.

दिवाळीनंतर आम्ही तो उतार प्रत्यक्ष बघायला गेलो. कागदावरचं खरं आहे की नाही, हे चालून तपासणं हा कामाचा भागच होता. एसटीने किन्हवली, सरळगाव करत धसईला उतरलो आणि तिथून पायी. उतारावर ऐनाची झाडं होती. एकामागे एक, सगळी पानांनी भरलेली, पण विचित्र आकाराची. खोड जाडजूड आणि फांद्या सगळ्या एका वयाच्या, काठीएवढ्या. ती एका झाडापाशी थांबली आणि मोठ्याने हसायला लागली.

"अहो, हे पडीक?"

मी नकाशाची घडी उलगडून पुन्हा बघितली.

"तुमच्याच घरी टाहाळ तोडायचे ना? तुम्हीच डोक्यावरून वाहिलेत म्हणून सांगत असता."

खरं होतं. माझं बालपण याच तालुक्यातलं. हिवाळ्यात ऐनाच्या पानांसकट फांद्या, म्हणजे टाहाळ, तोडायच्या, त्यांचे भारे वाळवायचे, उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाला, गवत, माती असे थर द्यायचे आणि ते भाजायचं, म्हणजे भाताचं रोप जोमाने येतं. याला राब म्हणतात. हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पण कागदावर वरून बघताना ते काळे ठिपके म्हणजे भाजलेले राब आणि फिका उतार म्हणजे टाहाळ तोडलेली झाडं, हे डोक्यात आलं नाही. डोक्यावर भारा असताना माणूस खाली बघून चालतो. वरून ते कसं दिसतं हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

"बुंधा धरून हसतेस काय," मी म्हटलं. "तू पण बघून पुढे गेलीस ना?"

"मी नगरची. मला माफ आहे."

त्या दिवसापासून या उताराचा प्रश्न सुरू झाला. सूचीत दाट जंगल होतं, विरळ जंगल होतं, झुडुपं, गवत, शेती, पडीक, पाणी होतं. हे यातलं काहीच नव्हतं. जमीन लोकांच्या मालकीची, वरकस. म्हणजे भात होत नाही अशी चढाची जमीन, जिथे नाचणी, वरी करतात, गवत कापतात आणि राबासाठी झाडं राखतात. झाडं जंगलातली, वापर शेताचा. तिने हिरव्यात पिवळं मिसळून एक वेगळाच रंग केला, कच्च्या आंब्याच्या सालीसारखा, आणि मला सूचीत नवं नाव लिहायला सांगितलं: राबाचं रान. ते नाव मी इतक्या काळजीने लिहिलं की ती म्हणाली, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा तुम्ही एवढा वेळ घेतला नव्हता.

तिला तो उतार हवा होता तो शेकरूसाठी. शेकरू म्हणजे रानातली मोठी खार. ते जमिनीवर फारसं उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं. झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. उताराच्या वर घाटाकडचं जंगल, खाली एका टेकडीवरचं राखीव जंगल, दोन्हीकडे शेकरूची घरटी तिने बघितली होती. मधला रस्ता म्हणजे या वरकसातून खाली येणारा ओहोळ. त्याच्या दोन्ही काठांना ऐन, उंबर, जांभूळ. उंबर-जांभळाला कोयता लागत नव्हता. ऐन तेवढे दर दोन-तीन वर्षांनी खांबासारखे उघडे व्हायचे, आणि त्या वर्षी रस्ता बंद.

प्राण्यांची नोंद करायची तिची एक पद्धत होती. तिने स्वतः बघितलं तर भरीव ठिपका. लोकांनी सांगितलं, किंवा नुसती खूण दिसली, तर पोकळ ठिपका, म्हणजे नुसतं वर्तुळ. पोकळ ठिपका भरायला ती पुन्हा पुन्हा जायची. एखाद्या ठिपक्यासाठी तीन-तीन उन्हाळे. मी कंटाळून म्हणायचो की अगं, लोक खोटं कशाला सांगतील. ती म्हणायची, खोटं नाही हो, पण त्यांनी बघितलं ते त्यांचं, मी बघितलं ते माझं. ओहोळावर तिने शेकरूचे दोन पोकळ ठिपके काढले होते. ते भरीव झाले नाहीत.

ओहोळाच्या अलीकडच्या काठाची जमीन एका विधवा बाईची होती. वयाने आमच्याहून बरीच मोठी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पहिल्यांदा भेटली तेव्हा ती बांधावर उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि माझी बायको झाडाच्या बुंध्याभोवती टेप गुंडाळत होती.

"काय गो बाई, आमच्या झाडांला सदरा शिवतेस का?"

"नाही मावशी, घेर बघतेय."

"आन् हा कोण? बोलत नाय तो?"

"माझा नवरा. पुस्तकांशी बोलतो."

"मग बरा हाय. माझा बोलत व्हता तवा सगळी वाडी उठायची."

पुढे आम्ही गेलो की तिच्या ओटीवर बसायचो. काळा चहा मिळायचा. ती माझ्या बायकोला बाई म्हणायची आणि मला मास्तर, जरी मी कधी शिकवलं नव्हतं. तिचा मुलगा आसनगावपर्यंत मोटरसायकलने जाऊन पुढे लोकल पकडायचा, कल्याणकडे कुठल्याशा कंपनीत होता. टाहाळ तोडायला तो एक-दोन रविवार द्यायचा, तेही तोंड वाकडं करून. कमरेला आकडी बांधून, तिच्यात कोयता अडकवून तो झाडावर चढायचा आणि ती खालून ओरडायची, "शेंडा ठेव रे, शेंडा ठेव, झाड मारतोस का?"

माझ्या बायकोने तिला एकदा विचारलं की ओहोळाच्या काठची ऐनाची एक ओळ कायमची न तोडता ठेवता येईल का. बाकीचे ऐन तोडा, फक्त ही ओळ. तिच्या काठची आणि पलीकडच्या काठचीही. पलीकडची जमीन मावशीच्या दिराच्या मुलांची होती.

मावशीने आधी चहा संपवला. मग म्हणाली, "झाडाचं काय नाय गो. दहा झाडांनी माझा राब अडत नाय. पर न तोडलेलं झाड वाढतंय. दाट होतंय. मग गार्ड येतोय आन् बोलतोय हे जंगल. तोडलेलं असलं म्हंजे दिसतंय ना, हिथं माणूस हाय, कोयता लागलाय. माझ्या भावाच्या सातबाऱ्यावर पडला तसा जंगलाचा शिक्का. त्याच्या बांधावरचं वाळलेलं झाड पाडायला त्याला मुरबाडला खेपा. तो मेला, झाड उभं हाय."

"मी जंगल लिहिणार नाही, मावशी."

"मग काय लिवशील?"

"राबाचं रान."

"आसं कुठं असतंय का सरकारात?"

"नाही. म्हणून तर लिहायचं."

मावशी हसली. "तू लिव. पर आमाला इचारल्याबिगर नको लिवू."

माझ्या बायकोने कबूल केलं. त्या ओहोळाच्या पट्टीवर तुम्हाला विचारल्याशिवाय कुठलाच रंग भरणार नाही, म्हणाली. आणि मावशीने तिच्या बाजूने, पुतण्यांशी भांडून वगैरे, दोन्ही काठांची ओळ त्या हिवाळ्यात तोडू दिली नाही. ती ओळ दोन वर्षं तशीच वाढली. पानं खाली यायला लागली. आम्ही जायचो तेव्हा माझी बायको ओहोळात खडकावर बसून वर बघत राहायची आणि मी सावलीत काहीतरी वाचत बसायचो.

यात अडकलेलं होतं ते एवढंच, की ती पट्टी आराखड्यात जायची की नाही. गेली नाही तर वरचं जंगल आणि खालची टेकडी कागदावर एकमेकांपासून सुटी होणार आणि मधली जागा कोणी राखणार नाही. जंगल म्हणून गेली तर मावशीच्या माणसांना भीती, आणि भीती असली की कोयता. माझ्या बायकोच्या रंगाने गेली तरच दोन्ही जमत होतं. ती वारली त्या आठवड्यात, रविवारी, आम्ही वाडीवर जाऊन सगळ्यांना एकत्र बसवून विचारणार होतो. पट्टी कोरी होती ती त्यासाठी.

दिवस झाले. बाराव्या-तेराव्याला नातेवाईक आले आणि गेले. मी कॉलेजात जाऊ लागलो. पुस्तकं परत घ्यायची, शिक्का मारायचा, कपाटात ठेवायची. घरी आलो की काचेखालची ट्यूब लावायचो आणि बसायचो. काम काही करायचो नाही. रंगपेन्सिलींना तिने टोकं करून ठेवली होती.

एका दुपारी मावशी आली. एकटी, एसटीने, पदर डोक्यावर, हातात भाकरीचं गाठोडं. दुखवट्याच्या घरी चूल पेटवू नये म्हणून आणलेलं, पण ते दिवस केव्हाच होऊन गेले होते. तिला कळलंच उशिरा. ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तर नाही म्हणाली. थोडी रडली, मग पदराने नाक पुसून घरभर बघितलं.

"जेवतोस का?"

"जेवतो."

"काय जेवतोस?"

"खिचडी."

"रोज?"

मी ताटली आणायला उठलो.

"बाई असती तर तुला बोलली असती." गाठोडं सोडून तिने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. मी खाल्ली. ती बघत बसली. निघताना दारात चप्पल शोधताना म्हणाली, "ती ऐनांची वळ औंदा पन नाय तोडीत. पोरांला सांगितलंय. बाईचं वरीस होऊं दे."

वर्षभर घरात सण करत नाहीत, तोरण बांधत नाहीत. माझी बायको तर त्यांच्या घरातली नव्हती. मी दारात उभा राहिलो आणि मावशी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आत आलो नाही.

पावसाळ्याच्या आधी संस्थेचा माणूस शहापूरला आला. तरुण होता, सौम्य बोलणारा. माझ्या बायकोबद्दल त्याने मनापासून वाईट वाटून घेतलं. मग पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायला आणि कामाकडे वळला. आता सगळे नकाशे कॉम्प्युटरवर जात होते. आमच्या कागदावरून ते परत काढणार होते.

"सर, फक्त एक अडचण आहे. हा जो मॅडमचा वर्ग आहे, राबाचं रान, तो आमच्या यादीत नाही."

"नवा घालता येत नाही?"

"घालता येतो. पण मग बाकीच्या तालुक्यांनाही घालावा लागेल."

"त्याही तालुक्यांत राब करतात."

"करतात, सर. पण तिथून कोणी सांगितलेलं नाही ना."

तो थट्टा करत नव्हता. त्याला तारीख गाठायची होती. बाकीचा उतार त्याने तिथेच माझ्यासमोर विरळ जंगल आणि शेती अशा दोन भागांत वाटून टाकला, झाडं किती दाट आहेत ते बघून. मी विरोध केला नाही. करायला हवा होता की नाही, हेही मला तेव्हा ठरवता आलं नाही, इतका मी थकलो होतो. शेवटी त्याने त्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही राहिलीय. इथे झाडं चांगली दिसतात. विरळ जंगल टाकू? मग ही आपल्या आराखड्यात जोडपट्टी म्हणून येईल. मॅडमना तेच हवं होतं ना?"

"ही मला विचारून सांगावी लागेल."

"कोणाला?"

"ज्यांची आहे त्यांना."

त्याने पट्टीवरचं बोट उचललं. "आठवडाभरात फोन करा, सर," म्हणाला.

मी रविवारी गेलो. वळिवाचा एक शिडकावा होऊन गेला होता, राब भाजून काळे झालेले होते, धूर अजून जमिनीलगत होता. मावशीच्या ओटीवर तिचा मुलगा होता, दोन पुतणे होते, अजून चार माणसं वाडीची. मी नकाशा उलगडला आणि ती पट्टी दाखवली. सगळं सांगितलं. तिसरा रंग आता नाही. जंगल लिहिलं तर आराखड्यात जाईल. शेत लिहिलं तर जाणार नाही.

"आराखड्यात गेलं म्हंजे काय होईल?" थोरल्या पुतण्याने विचारलं.

"राखायची जागा म्हणून नाव लागेल."

"कोन राखनार?"

"संस्था, वनखातं," मी म्हटलं. आराखड्याच्या मसुद्यात तसं लिहिलेलं होतं; प्रत्यक्षात कोण येणार हे मला माहीत नव्हतं.

"आन् इकायची झाली तर?" मुलगा म्हणाला. "उद्या कोनी प्लॉटसाठी मागितली, तर हा कागद आडवा येनार का नाय?"

"गप रे," मावशी म्हणाली. "इकायचं तोंड बघा याचं. टाहाळ तोडायला टाइम नाय आन् जमीन इकायला हाय."

"आये, मी नुसतं इचारतोय."

"नुसतं इचारूनच समदी इकली गेली."

दोघं-तिघं हसले. शेवटी मावशी माझ्याकडे वळली.

"मास्तर, शेत लिव."

मी नकाशा बघत राहिलो.

"बाई आसती तरी मी हेच बोलले आसते. तिच्या रंगाला मी हो बोलत व्हते. तो नाय म्हनतोस, मग शेत. ती काय बोलली आसती सांग."

मी म्हटलं, "ती भांडली असती तुमच्याशी."

"भांडली आसती. मंग?"

"मग शेत लिहिलं असतं."

"मग लिव की."

मी तिथेच, ओटीवर, मांडीवर पाटी घेऊन पट्टी शेताच्या पिवळ्या रंगाने भरली. पेन्सिलीला टोक माझ्या बायकोने केलेलं होतं. पिवळं भरायला फार वेळ लागला नाही, पट्टी अरुंदच होती. एका माणसाने वाकून बघितलं आणि म्हणाला, चांगलं भरलंय. मावशीने चहा केला. तो पिऊन मी धसईची गाडी गाठली. घरी आल्यावर संस्थेत फोन केला. पलीकडच्या त्या तरुणाने "ओके, सर, शेती" म्हणून लिहून घेतलं आणि तब्येतीची चौकशी केली.

तिचं वर्ष झालं. त्या हिवाळ्यात पुतण्यांनी पलीकडच्या काठची ओळ तोडली. मी फेब्रुवारीत गेलो तेव्हा टाहाळ वाळत पडलेला होता. मला राग आला नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे वर्ष पाळलं होतं, त्याहून जास्त काही कबूल केलेलं नव्हतं. आराखडा छापून आला. त्यात वरचं जंगल हिरवं, खालची टेकडी हिरवी, मधे पिवळं. शेवटच्या पानावर तिचं नाव कृतज्ञतापूर्वक होतं. त्या आराखड्यावर पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि मला कोणी आपण होऊन सांगितलंही नाही. बहुतेक तो माझ्यासारख्याच कुठल्या तरी ग्रंथपालाच्या कपाटात असेल.

काही वर्षांनी पुतण्यांनी जमीन विकली. ठाण्याच्या कोणीतरी घेतली. ओहोळाच्या पलीकडे सिमेंटचे खांब आणि तारा आल्या, आत कलमी आंबे आणि एक पाण्याची टाकी. उंबर आणि जांभूळ त्यांनी ठेवले, ऐन काढले. अलीकडे, मावशीच्या बाजूला, मुलाने वरकसात येणंच सोडलं. भाताला पोत्यातलं खत घालायला लागले, रोप तसंही होत होतं. मावशीला चढता येत नव्हतं, आणि चढणारं घरात कोणी उरलं नाही. म्हणून तिचे ऐन वाढले. माझ्या बायकोने मागितली होती ती ओळच नाही, सगळेच. न मागता, तिच्यामागे, आणि एकाच काठाला.

मावशीही गेली. मला कळलं ते तिच्या दिवसांनंतर. मी भाकरी घेऊन गेलो, घरी करता येत नाही म्हणून शहापूरच्या खानावळीतून घेतलेली. सुनेने ती घेतली आणि फडताळात ठेवली. मग मी ओहोळावर गेलो. जांभळाच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचा आणि पानांचा गोळा होता. शेकरूचं घरटं असावं. आकार तसाच होता. मी खडकावर बसलो आणि दुपारभर वर बघत राहिलो. पानं हलली की बघायचो. वारा होता. कावळे आले, एक सुतारपक्षी येऊन गेला. ऊन पलीकडच्या तारांवर गेलं तेव्हा मी उठलो, कारण शेवटची एसटी लवकर असते.

घरी येऊन मी बायकोचा जुना कागद काढला, कॉम्प्युटरच्या आधीचा, आणि ओहोळावर, तिच्या दोन वर्तुळांच्या जरा खाली, अजून एक वर्तुळ काढलं. ते भरलं नाही.

त्यानंतर मी दर हिवाळ्यात एकदा जातो. मुलाने जमीन अजून विकलेली नाही. अलीकडच्या काठाला ऐन आहेत. घरटं आहे. शेकरू मी पाहिलेलं नाही.